पंपावर माप कमी वाटलं तर: गाडी हलवण्याआधीपासून ग्राहक आयोगापर्यंत

पेट्रोल कमी मिळाल्याची तक्रार बहुतेक वेळा घरी पोहोचल्यावर सुरू होते. गाडी नेहमीपेक्षा लवकर रिझर्व्हला आली की संशय येतो, पंपाचं नाव गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतं आणि मग एक रागावलेला अर्ज जातो. अर्जात तारीख नसते, नोजलचा क्रमांक नसतो, सोबत बिल नसतं. काही दिवसांनी निरीक्षक जाऊन माप तपासतो, ते नियमात निघतं आणि फाईल बंद होते. अर्जदाराला वाटतं, सगळे एकमेकांना सामील आहेत.

असे अर्ज लिहायला बसलेल्या लोकांशी बोलताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. तक्रार खरी असते, पण पुरावा पंपावरच राहून गेलेला असतो. मापाचा पुरावा त्याच नोजलपाशी, त्याच वेळी मिळतो. कोल्हापुरात दसरा चौकातल्या पंपावरून तुम्ही रंकाळ्यापर्यंत आलात की तो निम्म्याहून जास्त संपलेला असतो. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमानं वाचा आणि त्याच क्रमानं करा.

टप्पा 1: संशय नेमका कशाचा आहे ते ठरवा

तक्रारी तीन प्रकारच्या असतात आणि तिन्हींची वाट वेगळी आहे. माप कमी असेल तर वैधमापनशास्त्र कार्यालय, म्हणजे ज्याला सगळे वजनमापं खातं म्हणतात ते. भेसळ किंवा पाणी असेल तर तेल कंपनी आणि जिल्हा पुरवठा अधिकारी. पैशांची गडबड, मीटर शून्यावर न आणणं, बिल नाकारणं, अरेरावी असेल तर तेल कंपनी आणि ग्राहक हेल्पलाइन. नुकसानभरपाई हवी असेल तर तिन्ही बाबतीत शेवटी ग्राहक आयोग. एकाच अर्जात तिन्ही कोंबले की प्रत्येक कार्यालय आपला भाग सोडून बाकीचं पुढं ढकलतं.

आता, कशाला पुरावा म्हणत नाहीत ते आधी सांगतो, कारण गाडी अडते ती इथंच.

अ‍ॅव्हरेज कमी आलं हा पुरावा होत नाही. टायरमधली हवा, क्लच, ट्रॅफिक, घाटरस्ता, सगळ्यानं ते बदलतं.

टाकीच्या क्षमतेचा हिशेबही टिकत नाही. “पुस्तिकेत टाकी 37 लिटरची आहे आणि पंपानं 40 लिटर टाकले, म्हणजे चोरी” ही तक्रार फार वेळा येते. पुस्तिकेतला आकडा टाकीच्या नेमून दिलेल्या भरणीचा असतो. वाफेसाठी वर ठेवलेली मोकळी जागा आणि टाकीच्या गळ्याकडची नळी त्यात धरलेली नसते. नोजल आपोआप बंद झाल्यावरही पोरगा दाबून दाबून भरत राहिला, तर तेल त्या जागेत शिरतं.

घरी बाटलीत मोजलेलं पेट्रोलही चालत नाही. पाण्याच्या बाटलीवर ‘1 लिटर’ छापलेलं असलं तरी ती कायद्यानं पडताळलेलं माप नाही. शिवाय प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल नेणं धोक्याचं आहे.

जाता जाता आणखी एक. शंभरऐवजी 110 रुपयांचं किंवा 500 ऐवजी 530 चं तेल टाकलं की फसवणूक टळते, असं अनेकांना मनापासून वाटतं. यंत्र मोजतं ते लिटर, रुपये त्यावरून गुणाकारानं येतात. 2017 मध्ये ठाणे पोलिसांनी राज्यात ठिकठिकाणी पंपांवर छापे टाकले, तेव्हा पल्सरमधला फेरफार समोर आला होता. पल्सर म्हणजे मीटरच्या फिरण्याचं विजेच्या ठोक्यांत रूपांतर करणारा भाग. पडद्यावरचा आकडा त्या ठोक्यांवरच पळतो. ठोके खोटे असतील, तर 110 म्हणून तुम्ही सुटत नाही. त्यावर उपाय पुढच्या टप्प्यांत आहे.

टप्पा 2: नोजल टाकीत जाण्याआधी

गाडीवरून उतरा. चारचाकी असेल तरी उतरा. काचेतून अर्धा पडदा दिसतो आणि नेमका हवा तो आकडा खांबाआड असतो.

पडद्यावर तीन गोष्टी वाचा: दर, लिटर आणि रुपये. लिटर आणि रुपये शून्यावर असले पाहिजेत. “झिरो बघा काका” असं पोरगा म्हणाला की आपण मान डोलावतो आणि पाकीट काढायला लागतो. तसं करू नका. नोजलचा घोडा दाबला जाऊन आकडा सरकेपर्यंत नजर पडद्यावरच ठेवा.

पंपाच्या दर्शनी भागात पडताळणी प्रमाणपत्र लावलेलं असतं, ते एकदा शोधून ठेवा. वैधमापनशास्त्र अधिनियम 2009 च्या कलम 24 प्रमाणे मोजमापाचं प्रत्येक यंत्र पडताळून शिक्का मारून घ्यावं लागतं आणि पेट्रोल-डिझेलच्या डिस्पेन्सिंग पंपांची ही पडताळणी दर 12 महिन्यांनी होते. मधे दुरुस्ती झाली तर पुन्हा वापरण्याआधी नव्यानं पडताळणी लागते. प्रत्यक्ष सील यंत्राच्या पोटात, मीटरपाशी तारेत ओवलेलं असतं आणि त्याच्या शिक्क्यावर वर्ष आणि तिमाहीचं अक्षर उमटवलेलं असतं. ते बघायला झाकण उघडावं लागतं आणि तो अधिकार निरीक्षकाचा. आपण प्रमाणपत्राची तारीख बघायची.

फसवणुकीचा सगळ्यात जुना आणि आजही चालणारा प्रकार यंत्रात नसतो, तो बोलण्यात असतो. तुम्ही हजाराचं सांगता. पोरगा 200 वर थांबतो. “दोनशेचंच म्हणालात ना?” तुम्ही म्हणता, हजाराचं. तो “बरं, वरचे आठशेचं टाकतो” म्हणतो आणि मीटर शून्यावर न आणता 200 वरून पुढं 800 पर्यंत नेतो. तेवढ्यात दुसरा जण काचेशी येऊन कार्डाचं मशिन पुढं करतो. आठशेचं तेल आणि हजाराचं बिल. मधे थांबलं तर एकच करा: पहिल्या 200 चं बिल वेगळं मागा, मीटर पुन्हा शून्य करायला सांगा, मग पुढचं.

तपासा: नोजलचा क्रमांक कुठं लिहिलाय ते दिसलं का? नसेल तर विचारून घ्या. पुढच्या प्रत्येक कागदात तो लागणार आहे.

टप्पा 3: पाच लिटरचं माप मागा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि लोक सगळ्यात जास्त टाळतात तीही हीच, कारण मागं रांग लागलेली असते आणि लाज वाटते. लाजण्याचं कारण नाही. प्रत्येक पंपावर पडताळलेलं, शिक्का असलेलं 5 लिटरचं माप ठेवणं बंधनकारक आहे आणि कोणत्याही ग्राहकानं मागितलं तर ते लावून दाखवावं लागतं. त्यासाठी पैसे लागत नाहीत. मोजलेलं तेल पंपाच्या टाकीत परत जातं.

मागताना आवाज चढवू नका. “मॅनेजरना बोलवा, मला या नोजलचं पाच लिटरचं माप बघायचंय” एवढं पुरे. तेल टाकणाऱ्या पोराशी भांडून काही मिळत नाही. तो रोजंदारीवर असतो आणि निर्णय त्याच्या हातात नसतो.

माप आलं की:

1. आधी मापावरचा शिक्का बघा. मापालाही वेळोवेळी पडताळणी लागते. पोचा गेलेलं, चेमटलेलं माप असेल तर ते नको म्हणा, कारण पोचा आत गेला की मापाची जागा कमी होते आणि माप पुरं भरलेलं दिसतं.

2. माप आतून ओलं करून घ्यायला लावा. म्हणजे त्याच तेलानं एकदा भरून, ओतून, थेंब थांबेपर्यंत पालथं धरायचं. कोरड्या मापाच्या भिंतीला तेल चिकटून राहतं आणि आकडा थोडा बदलतो. डिझेल जास्त चिकटतं, त्याला निथळायला अधिक वेळ द्या. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग दोन्ही बाजूंना वाद घालायला जागा राहते.

3. माप सपाट जागेवर ठेवा. फरशीचा उतार ड्रेनेजकडं असतो, तिथं नको.

4. यंत्रावर 5 लिटर सेट करायला सांगा, रुपये नकोत. रुपयांत सेट केलं तर लिटरचा आकडा दशांशात येतो आणि मापाशी जुळवता येत नाही.

5. संशय ज्या नोजलचा, तेच नोजल. “हे घ्या, हे मोकळं आहे” म्हणून शेजारचं पुढं केलं जातं. प्रत्येक नोजलचं मीटर वेगळं असतं.

6. भरताना तुम्ही ज्या वेगानं तेल घेतलंत त्याच वेगानं भरू द्या. शेवटी फेस बसू द्या. मग गुडघ्यावर बसून मापाच्या मानेवरची खूण डोळ्यासमोर आणा आणि वाचा. उभ्यानं वरून वाचलं की रेघ चुकते.

5 लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात चालतो. लिटरचा दर 100 रुपये धरला तर हा अडीच रुपयांचा फरक आहे. तेवढ्यात असेल तर कायद्याच्या दृष्टीनं माप बरोबर आहे. ते मान्य करा, आभार माना आणि निघा. त्याहून जास्त कमी भरलं तर त्या नोजलची विक्री थांबली पाहिजे. मॅनेजरला तसं तिथल्या तिथं, शांतपणे सांगा आणि दुसऱ्यांदा माप लावायला सांगा. दोन वेळा सारखंच कमी आलं तर तुमची बाजू भक्कम झाली.

माप कमी येणं म्हणजे चोरीच, असं लगेच ठरवू नका. मीटरचे भाग झिजतात, माप सरकतं. सील शाबूत असताना सरकलेलं माप आणि सील तोडून सरकवलेलं माप, या दोन गोष्टींत कायदाही फरक करतो. ते ठरवणं निरीक्षकाचं काम आहे. आपलं काम आकडा नोंदवणं.

इशारा: तेल भरलं जात असताना नोजलपाशी मोबाइल काढू नका. नोजल परत अडकवल्यावर, बाजूला होऊन पडद्याचा आणि मापाचा फोटो घ्या. सुरक्षिततेचा नियम आपणच मोडला की मॅनेजर त्यावरच वाद सुरू करतो आणि मूळ मुद्दा मागं पडतो.

“माप आज नाही”, “साहेब नाहीत”, “किल्ली घरी आहे” अशी उत्तरं आली तर ती लिहून घ्या. माप उपलब्ध नसणं ही स्वतंत्र तक्रार आहे आणि ती सिद्ध करायला सोपी असते.

टप्पा 4: संशय भेसळीचा असेल तर

पेट्रोलसाठी फिल्टर पेपर मागता येतो, तोही मोफत. नोजलचं तोंड आधी फडक्यानं पुसायला सांगा, नाहीतर तिथली धूळ आणि वंगणच कागदावर डाग पाडतं. मग एक थेंब कागदावर. शुद्ध पेट्रोल साधारण 2 मिनिटांत उडून जातं. गडद, तेलकट डाग राहिला तर रॉकेल किंवा डिझेलसारखं जड काही मिसळल्याचा संशय घ्यायला जागा आहे. पेट्रोलच्या रंगाची पुसट छटा राहिली तर तेवढ्यावरून आरोप करू नका. ही चाचणी डिझेलला लागू नाही आणि पेट्रोलइतक्याच पटकन उडणारे द्रावक ती पकडत नाही. म्हणजे डाग पडला तर पुढं जायला कारण आहे, न पडला तर सगळं ठीक आहे असं प्रमाणपत्र मिळालं असं समजू नका.

दुसरी चाचणी घनतेची. पंपावर दिवसाची घनता लिहिलेली असते, ती 15 अंश सेल्सिअसला धरलेली. हायड्रोमीटर (तेलात तरंगवून घनता मोजायची काचेची नळी), थर्मामीटर आणि काचेचं उभं भांडं पंपावर असतं. इथं हमखास होणारी चूक अशी की, एप्रिलच्या दुपारी भांड्यात आलेला आकडा लोक थेट फलकाशी ताडून बघतात आणि कमी आला म्हणून आरडाओरडा करतात. तापलेलं तेल हलकं असतं, आकडा कमी येणारच. आलेली घनता आणि तापमान घेऊन तक्त्यावरून ती 15 अंशांवर आणायला सांगा, मगच ताडून बघा. नोंदवलेल्या घनतेपेक्षा 3 एककांहून (किलो प्रति घनमीटर) जास्त फरक असेल तर गंभीर बाब आहे.

पावसाळ्यात एक जादा प्रश्न विचारा. आपल्याकडं 2019 आणि 2021 च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं ते आठवत असेलच. जमिनीखालच्या टाकीत पाणी शिरलं की इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्याशी जाऊन मिळतं आणि जड थर तळाशी बसतो. उपसा तळाजवळूनच असतो. पाणी ओळखणारी पेस्ट लावलेली पट्टी टाकीत सोडून पंपवाले हे रोज तपासतात. आजची नोंद काय, असं विचारायला हरकत नाही.

तेल टाकल्यावर थोड्याच अंतरात गाडी बंद पडली, तर क्रम असा ठेवा. गाडी ढकलत किंवा टो करून गॅरेजला न्या, स्टार्टर मारत बसू नका. टाकी उपसण्याआधी पंपाला आणि तेल कंपनीला कळवा आणि माणूस पाठवायला सांगा. ते आले नाहीत तर दोन साक्षीदारांसमोर उपसा. उपसलेलं तेल फेकू नका. गॅरेजमध्ये सुरक्षित जागी, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात, तारीख आणि सह्यांची चिठ्ठी लावून ठेवा. मेकॅनिककडून जॉब कार्डवर नेमकं काय आढळलं ते लिहून घ्या. “कार्बोरेटर साफ केला” एवढं लिहिलेलं कार्ड काही कामाचं नाही. “टाकीत तळाशी पाणी आढळले” असं स्वच्छ हवं.

टप्पा 5: पंप सोडण्याआधीचे कागद

बिल घ्या. यूपीआयचा मेसेज म्हणजे बिल नव्हे. त्यात फक्त पैसे गेल्याची नोंद असते, लिटर नसतात. बिलावर पंपाचं नाव, तारीख, वेळ, नोजल, दर, लिटर आणि रक्कम आहे का ते तिथंच वाचा. पंपावरचा बिलाचा कागद उष्णतेनं काळा पडतो, अक्षरं महिन्याभरात उडतात. त्याच दिवशी फोटो काढून झेरॉक्स करा. बिल देण्यास नकार देणं ही ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. नकार दिला तर तेही नोंदवा.

मग तक्रारवही मागा. प्रत्येक पंपावर ती असते. त्यात दोन-चार ओळी पुरतात: वेळ, नोजल, 5 लिटरच्या मापात किती मिलिलिटर कमी आलं, माप कोणासमोर लावलं. विशेषणं नकोत. “लुटारू” लिहिलं की पुढचा वाचणारा तुमच्याकडं संशयानं बघतो. लिहिलेल्या पानाचा फोटो घ्या.

नोजलवरचा प्रत्येक व्यवहार पंपाच्या संगणकावर नोंदला जातो आणि बहुतेक पंपांवर सीसीटीव्ही असतो. दोन्ही जपून ठेवा, अशी एक ओळ तक्रारवहीत टाका. फुटेज काही दिवसांनी पुसलं जातं. तुम्ही लेखी मागणी केली होती ही गोष्ट पुढं आयोगासमोर उपयोगी पडते.

तपासा: बिल, पडद्याचा फोटो, मापाचा फोटो, तक्रारवहीचं पान, एका तरी साक्षीदाराचं नाव आणि फोन. यातलं काही राहिलं असेल तर अजून पंपावरच आहात, घेऊन टाका.

टप्पा 6: वजनमापं खात्याकडे अर्ज

शक्यतो त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी. अर्ज जितका उशिरा, तितकं माप मधे दुरुस्त झालेलं असण्याची शक्यता जास्त. निरीक्षकाला वैधमापनशास्त्र अधिनियमाच्या कलम 15 प्रमाणे तपासणीचा आणि जप्तीचा अधिकार आहे. ठरलेल्यापेक्षा कमी माल देणं हा कलम 30 खाली गुन्हा आहे. अर्ज कोल्हापूरच्या वैधमापनशास्त्र कार्यालयात हातोहात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. अर्ज असा:

“विषय: (पंपाचे नाव, रस्ता) येथील नोजल क्र. __ वरून कमी माप मिळाल्याबाबत.
दि. __ रोजी __ वाजता मी वरील नोजलवरून __ लिटर पेट्रोल घेतले. बिल क्र. __. संशय आल्याने 5 लिटरचे माप लावण्यास सांगितले. दोन वेळा माप लावले असता अनुक्रमे __ व __ मिलिलिटर कमी आढळले. त्यावेळी पंपाचे व्यवस्थापक व साक्षीदार (नाव) हजर होते. कृपया सदर नोजलची व त्याच्या सीलची तपासणी करून पंचनाम्याची प्रत मला द्यावी.
सोबत: बिलाची प्रत, फोटो, तक्रारवहीच्या पानाचा फोटो.”

शेवटची मागणी विसरू नका. पंचनाम्याची प्रत मागितली नाही तर तपासणी झाली की नाही हेच कळत नाही. महिनाभरात उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमांत हीच मर्यादा आहे आणि ती ओलांडल्यामुळं कितीतरी अर्ज परत येतात. त्या पंपाची शेवटची पडताळणी कधी झाली, माझ्या अर्जावर तपासणी कधी झाली, पंचनाम्याची प्रत द्या, एवढंच विचारा.

टप्पा 7: तेल कंपनी, पुरवठा कार्यालय आणि 1915

तेच कागद तेल कंपनीच्या तक्रार पोर्टलवर टाका. पंप चालवणारा विक्रेता असला तरी परवाना आणि नाव कंपनीचं असतं आणि विक्रेत्याला सगळ्यात जास्त धाक कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याचा असतो. भेसळीची तक्रार असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांना अर्ज द्या. पेट्रोल-डिझेलच्या विक्रीतले गैरप्रकार रोखणाऱ्या 2005 च्या केंद्राच्या आदेशाखाली अधिकृत अधिकाऱ्यांना नमुने घेता येतात. नमुना तुम्ही स्वतः नेऊन दिला तर त्याला तसं वजन नसतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. तक्रार क्रमांक मिळतो, तो जपा. ही हेल्पलाइन समोरच्याशी बोलून मार्ग काढते, आदेश देत नाही. “1915 ला तक्रार केली, काही झालं नाही” म्हणून लोक थांबतात, तिथं थांबायचं कारण नाही.

टप्पा 8: ग्राहक आयोग

अडीच-पाच रुपयांच्या मापासाठी आयोगात जा, असं मी म्हणणार नाही. गाडीचं इंजिन खराब झालं, मोठी रक्कम गेली, किंवा माप वारंवार कमी येऊनही कुणी दाद दिली नाही, तर जरूर जा.

घटनेपासून 2 वर्षांच्या आत तक्रार दाखल करायची असते. जिल्हा आयोगाची मर्यादा 50 लाख रुपयांची आहे आणि ती मोजतात तुम्ही दिलेल्या किमतीवरून, मागितलेल्या भरपाईवरून नव्हे. किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. भरपाई जास्त मागितली की फी वाढते, या भीतीनं लोक मागणीच कमी लिहितात, तसं करू नका. पण दुरुस्तीची बिलं जोडून दाखवता येईल तेवढंच मागा.

आधी विक्रेत्याला आणि तेल कंपनीला स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा, 15 दिवसांची मुदत द्या. मग तक्रार, प्रतिज्ञापत्र आणि कागदांची यादी. तक्रारीत विक्रेता पहिला आणि कंपनी दुसरी, असे दोन्ही विरुद्ध पक्ष करा. एकालाच केलं की तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो. वकील लागतोच असं नाही आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. जपून ठेवलेलं तेल प्रयोगशाळेत पाठवा, अशी मागणी ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम 38 खाली तक्रारीतच करा, नंतर आठवलं तर तेल खराब झालेलं असतं.

रिक्षावाले आणि एकाच टेम्पोवर पोट असणारे विचारतात, आम्ही धंद्यासाठी तेल घेतो, मग आम्ही ग्राहक का? स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलं असेल तर कायद्यानं तुम्ही ग्राहकच आहात. तक्रारीत तसं स्पष्ट लिहा: गाडी मीच चालवतो, हेच माझं उपजीविकेचं साधन आहे.

सीमेपलीकडं तेल टाकलं असेल तर

दर कमी असला की कागल ओलांडून कोगनोळीच्या पुढं, निपाणीकडं गाड्या वळतात. तिथं माप कमी आलं तर कोल्हापूरच्या निरीक्षकाचा काही अधिकार नाही, अर्ज कर्नाटकच्या वैधमापनशास्त्र खात्याकडंच जातो. आयोगाचं मात्र तसं नाही. 2019 च्या कायद्याच्या कलम 34 प्रमाणे तक्रारदार जिथं राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. म्हणजे पंप निपाणीचा असला तरी खटला कोल्हापुरात. तुमच्या राहण्याचा पुरावा जोडा. पलीकडं माप मागताना मराठी-कानडीचा वाद कुणी काढला तर त्यात पडू नका, बिल आणि नोजलचा क्रमांक घ्या.

सिलिंडर आणि काटा

घरगुती सिलिंडरमध्ये निव्वळ गॅस 14.2 किलो असतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या कड्यावर किंवा अंगावर लिहिलेलं असतं. समजा ते 15.3 किलो आहे, तर काट्यावर 29.5 किलो दिसलं पाहिजे. डिलिव्हरीच्या माणसाकडं काटा असायला हवा. सील तोडण्याआधी वजन करून घ्या, शेगडीला जोडल्यावर केलेली तक्रार कुणी घेत नाही.

ऊस घेऊन जाणाऱ्यांना काटामारी नवी नाही. वजनकाट्याचीही पडताळणी दर 12 महिन्यांनी होते आणि तक्रार त्याच वैधमापनशास्त्र कार्यालयात जाते. गाडी काट्यावर चढण्याआधी पडदा शून्यावर आहे का बघा, चारही चाकं काट्याच्या आत आहेत का बघा, भरल्या आणि रिकाम्या दोन्ही वजनांच्या पावत्या वेळेसकट घ्या. संशय असेल तर कारखान्यावर जाण्याआधी पडताळणी केलेल्या दुसऱ्या काट्यावर भरली गाडी वजन करून त्याची पावती खिशात ठेवा. दोन वजनांच्या मधे डिझेल टाकू नका, माणूस उतरवू नका, कारण फरक निघाल्यावर पहिला प्रश्न तोच येतो.